नाही आलो तर थांब

डिचोलीच्या बाजारातल्या हॉटेलात सर येऊन बसले की वेटर त्यांच्या टेबलाकडे सगळ्यात शेवटी यायचा. त्यालाही दोष देता येत नाही. सरांची ऑर्डर कधी सरळ नसे. पातळ भाजी आजची असली तर दोन उंडे, म्हणजे गोल पाव, कालची असली तर नुसता चहा, आणि उंडे सकाळचे असून गार झालेले असले तर तेही नकोत, मग बिस्किट. वेटर एवढं ऐकून घ्यायचा, आत जायचा आणि नुसता चहा आणून ठेवायचा. सर समाधानाने मान हलवायचे. म्हणजे भाजी कालची आहे, असं ते मला सांगायचे.

आम्ही त्यांना पाठीमागे जरतरकर म्हणायचो. आम्ही म्हणजे ऑफिसातले चौघे. ऑफिस बाजारात, एका औषधांच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. जुनी रजिस्टरं, याद्या, दाखले संगणकावर चढवून द्यायचे आणि चढवलेलं साफ करून द्यायचं, हा आमचा धंदा. मी कारापूरहून बसने यायचो, सर मुळगावहून स्कूटरवर. स्कूटरच्या हँडलला एका बाजूला छत्री आणि दुसऱ्या बाजूला कापडी टोपी लटकवलेली असे, बाराही महिने. ऊन असलं तर टोपी, नसलं तर छत्री. एकदा मी विचारलं की ढग आहेत पण पाऊस नाही अशा दिवशी काय करता. त्यांनी मला तो प्रश्न चांगला आहे म्हणून सांगितलं आणि दोन दिवस त्यावर विचार केला.

ऑफिसात येण्याआधी ते एका खाणीच्या संगणक विभागात होते. वजनकाट्याचा प्रोग्राम त्यांनी लिहिलेला. खनिजाचा ट्रक काट्यावर उभा राहायचा, वजन पडद्यावर यायचं, चिठ्ठी छापून ड्रायव्हरच्या हातात जायची. त्या काळात ड्रायव्हर लोक खेपा वाढवण्यासाठी जिवावर उदार होऊन ट्रक हाणायचे. सरांनी काय केलं, तर प्रोग्राममध्ये एक अट घालून ठेवली. एखादा ट्रक नदीवरच्या धक्क्यावर खनिज ओतून फारच लवकर परत आला, तर चिठ्ठी छापायच्या आधी पडद्यावर अक्षरं यायची: जेवला काय विचार. काट्यावरचा माणूस विचारायचा. ड्रायव्हर बहुतेक वेळा जेवलेला नसायचाच. मग त्याला तिथेच दहा मिनिटं बसवून पाव-भाजी खायला लावायचे. महिनाभर हे चाललं. मग मॅनेजरच्या लक्षात आलं आणि ती अट काढून टाकायचा हुकूम आला. सरांनी ती काढली, पण कागदावर उतरवून घेतली. तो कागद शेवटपर्यंत त्यांच्या बिस्किटाच्या डब्यात होता.

खाण बंद पडली तसे ते आमच्याकडे आले. येताना एक सवय घेऊन आले. संध्याकाळी निघताना आपल्या आणि माझ्या कीबोर्डवर ओला पंचा पिळून पसरून ठेवायचे. खाणीवर लाल धूळ बसायची म्हणून. आमच्याकडे धूळ नव्हती, खाली औषधांचं दुकान होतं. तरी पंचा रोज पसरला जायचा आणि सकाळी माझा कीबोर्ड दमट लागायचा. मी किती चिडायचो त्यावर. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आता सरांचं खरं दुखणं सांगतो. ते थोडं आमच्या धंद्यातलं आहे, पण कळायला कठीण नाही. 'शोधा आणि बदला' ही सोय सगळ्यांनी वापरलेली असते. एक शब्द शोधायचा, त्याच्या जागी दुसरा घालायचा. आम्ही ज्या भाषेत प्रोग्राम लिहायचो तिच्यात याचाच मोठा भाऊ आहे, त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. त्याला नुसता शब्द नाही, तर शब्दाची ठेवण सांगता येते. आधी नाव असेल, मग कंसात खूण असेल किंवा नसेल, खूण असलीच तर ही असेल किंवा ती असेल, मग गाव. हे सगळं तो बरोबर शोधून काढतो. पण बदलायची वेळ आली की सगळीकडे एकच गोष्ट घालतो. ही खूण सापडली तर हे घाल, ती सापडली तर ते घाल, काहीच नसलं तर तसंच राहू दे, असं त्या बदलायच्या ओळीतच सांगायची सोय आमच्या भाषेत नव्हती. दुसऱ्या काही ठिकाणी होती. सर ते शेजारच्या वाड्यावर नळ आला अशा सुरात सांगायचे.

"शोधताना ह्याका शंभर शंका," ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणायचे. "बदलताना एक पण नाय."

ही सोय आपल्या भाषेत यावी म्हणून त्यांनी ती भाषा सांभाळणाऱ्या लोकांकडे रीतसर मागणी नोंदवली होती. ही माणसं जगभर विखुरलेली, कुणी कुणाला पाहिलेलं नाही, सगळा व्यवहार इंटरनेटवरच्या एका पानावर लिहून. सरांनी तिथे इंग्रजीत, शब्दकोश घेऊन बसून, नीट मांडून दाखवलं होतं: प्रश्नचिन्ह द्यायचं, मग कितवा भाग तो आकडा, मग सापडला तर काय घालायचं, मग दोन टिंबं, मग सापडला नाही तर काय. उत्तर आलं की याची गरज नाही, वेगळं फंक्शन लिहून त्यात हव्या तेवढ्या अटी घालता येतात. ते खरंच होतं. सर स्वतः तेच करायचे. तरी दर वर्षी चतुर्थीची सुट्टी संपली की ते त्या मागणीखाली एक नवी ओळ लिहायचे आणि ती छापून डब्यात ठेवायचे.

मी एकदा वैतागून विचारलं, फंक्शन लिहिता येतं ना, मग झालं तर, कशाला त्यांच्या मागे लागता. त्यांनी चष्मा काढला. फंक्शन लिहायला निवांत माणूस लागतो, ते म्हणाले, घाईतला माणूस एकच ओळ लिहितो आणि मोकळा होतो. त्या एका ओळीतच 'नाही तर' साठी जागा ठेवलेली असली, तर ती रिकामी दिसली की घाईतला माणूससुद्धा क्षणभर थांबेल, इथे काय घालू म्हणून. मला ते तेव्हा हसण्यासारखं वाटलं. घाईतला माणूस मीच होतो आणि मला ते कळत नव्हतं.

आणि मग ते खाणकामगारांच्या यादीचं काम आलं.

काही डॉक्टर मंडळींनी मिळून जुन्या खाणकामगारांच्या छातीची तपासणी करायची ठरवली होती. वर्षानुवर्षं धूळ खाल्लेली माणसं ही. एका बंद खाणीचं जुनं हजेरी रजिस्टर आमच्याकडे दिलं. त्यातून पत्ते काढून प्रत्येकाला तपासणीचं बोलावणं छापून टपालात टाकायचं होतं. रजिस्टर सरांच्या ओळखीच्या कारकुनाच्या हातचं. काही नावांपुढे काहीच नव्हतं, काहींपुढे कंसात क्रूस होता, काहींपुढे कंसात गोल. क्रूस म्हणजे माणूस वारला. हिंदू असो, ख्रिस्ती असो, तो जुना कारकून सगळ्यांना क्रूसच घालायचा, त्याच्या आधीचे तसंच करत आले म्हणून. वारलेल्यांच्या घरी वेगळं पत्र जायचं होतं: कैलासवासी अमुक यांच्या आजाराची माहिती कळवावी.

गोलाचा अर्थ सरांना ठाऊक होता. मला नव्हता, आणि मी विचारला नाही.

पत्रं शनिवारी टपालात पडायला हवी होती. शुक्रवारी सरांच्या आईचं श्राद्ध, म्हणून ते घरी. गुरुवारी निघताना कीबोर्डवर पंचा पसरला आणि त्यावर चिठ्ठी ठेवून गेले. चिठ्ठी माझ्या नावाने होती. गोल खुणेला हात लावू नकोस, असं त्यात लिहिलं होतं. उद्या संध्याकाळी मी आलो तर करीन, नाही आलो तर थांब.

शुक्रवारी दुपारपासून मालक माझ्या डोक्यावर उभे. संध्याकाळ झाली, सर आले नाहीत. मी थांबायला हवं होतं. पण अशा कामाला सर लिहायचे त्या आठ ओळींच्या फंक्शनची मला मनातून चीड होती आणि हे काम एका ओळीत होतं हे मालकांना दाखवायचं होतं. मी तेही अगदी बेफिकिरीने केलं नाही, हे सांगताना आजही माझी मलाच कीव येते. मी मामाला फोन लावला. मामा त्या खाणीवर ट्रक चालवायचा. गोल खुणेची तीन नावं मी त्याला वाचून दाखवली आणि ही माणसं हयात आहेत का म्हणून विचारलं. तिघेही वारले होते. एकाच्या मर्तिकाला तो स्वतः गेला होता. झालं, माझी खात्री पटली. गोल म्हणजेही मेलेलाच, कारकुनाने मधेच खूण बदलली असेल. कंसात काहीही असो, त्याच्या जागी 'कै.' घाल, अशी एक ओळ मी लिहिली आणि बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत ते झालं. शनिवारी पत्रं गेली.

गोल म्हणजे सावंतवाडी-दोडामार्गकडचे कामगार. पावसाळ्यात खाण बंद झाली की ते गावी जायचे आणि पाऊस सरला की परत यायचे. जो परत यायचा त्याचा गोल कारकून खोडायचा. शेवटच्या वर्षी खाण उघडलीच नाही, म्हणून कुणाचेच गोल खोडले गेले नाहीत. मामाला विचारलेले ते तिघे त्यानंतर वारले होते. बस, एवढंच. सर त्या शुक्रवारी संध्याकाळी यायला निघणार होते, पण भटजींना उशीर झाला.

सर सोमवारी आले, पत्रं गेल्याचं ऐकलं आणि फाईल उघडून बघितली. तिथून उठून ते मालकांकडे गेले आणि सांगितलं की तपासणी आठ दिवसांवर आहे, गोलवाल्यांना दुसरी पत्रं आजच्या आज जायला हवीत. मालक म्हणाले, डॉक्टरांना कळलं तर काम जाईल, गप्प बसा. सरांनी स्वतःच्या हाताने पोस्टकार्डं लिहायला घेतली. काही वेळेत पोचली असतील. पुष्कळशी पोचली नाहीत.

तपासणी होऊन गेली आणि चार दिवसांनी ऑफिसात एक माणूस जिना चढून आला. दोन पायऱ्या चढून थांबायचा, खोकायचा, पुन्हा चढायचा, ते आम्हाला आतूनच ऐकू येत होतं. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात आमचं पत्र. दारात चप्पल काढून तो उभा राहिला.

"साहेब, मी भिवा," तो म्हणाला. "ह्या कागदार माका मेललो लिवल्यानी. बायल म्हणाली, तूच जा आनि दाखवन ये."

कुणीतरी हसलं. भिवा स्वतःही थोडा हसला. सर उठले, त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं, हॉटेलातून चहा मागवला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी एकही अट न घालता चहा मागवला हे माझ्या लक्षात आलं. भिवाने तपासणी कधी आहे म्हणून विचारलं. रात्री निजायला होत नाही, बसून राहावं लागतं, म्हणाला. सरांनी त्याला सांगितलं की ती झाली. 

डॉक्टरांकडे बातमी पोचलीच. ते चिडले आणि बरोबरच चिडले. मालकांनी सगळ्यांना समोर उभं करून विचारलं, हे कुणी केलं. सर म्हणाले, मी. मी तोंड उघडायच्या आधीच ते बोलून गेले, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मालक त्यानंतर दहा मिनिटं तरी बोलत होते. तोंड उघडायला मला भरपूर वेळ होता. माझं नुकतंच लग्न ठरलं होतं आणि सरांना दुसरीकडे कुठेतरी काम मिळेल, असा हिशेब मी तेवढ्यात मनात करून टाकला. त्यांना कुठेही मिळालं नाही.

नोकरी गेली तसे सर पंचा आणि बिस्किटाचा डबा घेऊन निघून गेले. पण यादी त्यांनी सोडली नाही. रविवार आला की स्कूटर काढून ते दोडामार्गच्या बाजूला जायचे, एकेक गोल शोधत. एका रविवारी मला सोबत चल म्हणाले. का ते सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. मागे बसून मी सबंध वाट त्यांच्या टोपीकडे बघत होतो. आसले तर सांगया, नसले तर माफी मागया, एवढंच ते म्हणाले. पहिल्या दोन घरी माणसं होती. सरांनी त्यांना सरकारी इस्पितळात कुठे जायचं, कुणाला भेटायचं, ते कागदावर लिहून दिलं. तिसरं घर भिवाचं. अंगणात त्याची बायको लाकडं रचत होती. भिवा जाऊन पंधरा दिवस झाले होते.

सरांनी टोपी काढली. आपलं पत्र आधी आलं आणि तो नंतर गेला, त्याची माफी मागतो, असं काहीसं ते म्हणाले. ती बाई म्हणाली की तो आजारी होताच, तुमच्या कागदाने काय होणार. ते तिने आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच म्हटलं, मला माहीत नाही. वेळेवर तपासला असता तर तो वाचला असता का, हेही मला माहीत नाही. सरांनाही माहीत नव्हतं. जिथे 'नाही तर'ची बाजू कळतच नाही अशी ती एकच गोष्ट मी त्यांच्यासोबत पाहिली. परतीच्या वाटेवर मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. वाऱ्याने ऐकू जाणार नाही असं वाटलं आणि मिटलं. त्यानंतर मी त्यांच्यासोबत गेलो नाही.

पुढे ते मुळगावातच असायचे. शेतात खाणीची माती उतरलेली, त्यामुळे शेतीला फारसा अर्थ नव्हता. लोकांचे अर्ज भरून द्यायचे. एका पावसाळ्यात तापाने धरलं आणि आठ दिवसांत गेले. मला बाजारात त्या हॉटेलच्या वेटरने सांगितलं. मी मुळगावला गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार होतो?

यंदा चतुर्थीची सुट्टी संपली आणि का कोण जाणे, मी ते मागण्यांचं पान उघडलं. सरांची मागणी तशीच पडून होती, ना मान्य, ना नामंजूर. खाली त्यांच्या सगळ्या ओळी. मी त्या पहिल्यापासून वाचल्या. यादीच्या घोळानंतरही त्यांनी दोन वर्षं लिहिलं होतं. पण ही सोय का हवी या सदरात ते दर वेळी साधी काल्पनिक उदाहरणं द्यायचे, पत्त्यांची, तारखांची. ज्या एका उदाहरणाने त्यांचं म्हणणं सिद्ध झालं असतं ते त्यांनी कधीच दिलं नव्हतं. त्यांनी मला तिथेही झाकून ठेवलं होतं, जिथे मला ओळखणारं कुणीच नव्हतं.

मी त्याखाली सगळं लिहिलं. क्रूस, गोल, एक ओळ, भिवा. हे करणारा मी, आणि ज्यांनी मागणी केली त्यांनी माझा दोष आपल्या अंगावर घेतला, हेही लिहिलं. बदलायच्या ओळीत अट घालायची जागा असती तर मी थांबलो असतो, असं शेवटी जोडलं.

तिसऱ्या दिवशी कुठल्याशा देशातल्या माणसाचं उत्तर आलं. त्याने सभ्यपणे लिहिलं होतं. घडलं ते वाचून वाईट वाटलं, पण ही चूक भाषेची नाही. त्या खुणेचा अर्थ ठाऊक नसताना ज्याने ओळ चालवली, चूक त्याची आहे. अट घालायची जागा असती तरी त्याने तीत तेच भरलं असतं, कारण त्याने विचारलंच नव्हतं. मागणी बंद करत आहोत.

इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. मी ते पान छापून घेतलं आणि रविवारी मुळगावला गेलो.

सरांची बायको पेडण्याकडची. मी तिला एकदाच, ऑफिसच्या गणपतीला, पाहिलं होतं. तिने मला ओळखलं नाही, मग नाव सांगितल्यावर ओळखलं. आत टेबलावर जुना कीबोर्ड होता, त्याच्यावर पंचा, आता कोरडा आणि कडक झालेला. मी उभ्याउभ्याच बोलायला लागलो. ते केलं मी, वयनी, सरांनी नाही. मग तो कागद काढला आणि त्यातलं शेवटचं मराठीत करून तिला वाचून दाखवलं. 

तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता जा म्हणेल, आणि म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

"तेंनी सांगान ठेवलेला माका," ती म्हणाली. "तो इलो तर च्या दी. नाय इलो तर ताच्यार राग धरू नको."

मग तिने मला सरांची खुर्ची दाखवली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला. गॅस संपला असावा, कारण ती मागच्या दाराने लाकडं आणायला गेलेली दिसली. चहाला वेळ लागणार होता. मी थांबलो.